युसूफभाईंचा उजेड

युसूफभाई मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघायचे. घरातली माणसं मागाहून, जमलंच तर. यजमान "या, या" म्हणत उभा असायचा आणि हे मान वर करून वायर कुठून आली, कुठे गेली, मध्येच उगाच का वळली याचा तपास लावत असायचे. तपास संपला की मान खाली यायची आणि मग "सलाम. सगळं ठीक ना?" लग्नघर असो की मयताचं घर, क्रम हाच. एकदा ओळखीच्या एका मुलासाठी मुलगी बघायला गेलेल्या मंडळींबरोबर हेही गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "कशी आहे हो मुलगी?" तर म्हणाले, "घर चांगलं आहे बाई. मेन स्विच दाराजवळ आहे."

जळगावच्या जुन्या वस्तीत एका चौकाभोवती आमच्या सात-आठ खोल्या होत्या. मी फैजपूरच्या केळीवाल्याची मुलगी, सरकारी शाळेत मास्तरीण. एकोणीसशे साठनंतरची दहाएक वर्षं मी तिथे एकटी राहिले. समोरच्या दोन खोल्यांत युसूफभाई आणि त्यांच्या बीबी हमीदाबी. मुलगी लग्न होऊन पाचोऱ्याला गेलेली. युसूफभाई सगळ्या गावाचे वायरमन, पण तो शब्द त्यांना आवडायचा नाही. "वायर कुणीही ओढतो. मी उजेडाचं काम करतो," असं ते सांगायचे. कानामागे पेन्सिल, खिशात टेस्टर आणि बडीशेपेची डबी. काम मनासारखं झालं तरच डबी उघडायची, एरवी नाही.

मी खोली घेतली तेव्हा वीज त्यांनीच घेऊन दिली. पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?"

माझे कान तापले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची आणि जिभेची तिखट. म्हटलं, "तुम्हाला काय करायच्यात चौकशा?"

"बटण कुठे लावू ते कळायला पाहिजे ना," ते शांतपणे म्हणाले. "अंधारात हात चाचपडायला लागला, तर मिस्त्री बोलावला कशाला?"

"डाव्या," मी म्हटलं, तेसुद्धा दुसरीकडे बघत. त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. त्या खोलीत माझा हात कधी चाचपडला नाही. पुढे नोकरीने मला चार गावं फिरवली, आणि प्रत्येक गावी पहिले दोन महिने माझा हात ते बटण शोधत राहायचा.

त्यांची एक गोष्ट मात्र मला कळायला वेळ लागला. आमच्याकडे साडी घ्यायची एक रीत आहे. दुकानात पांढऱ्या गादीवर बसून वीस साड्या उलगडून घ्यायच्या, एक मनात भरली की तिचा पदर हातात घेऊन उठायचं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात बघायचं. आत राणी दिसलेला रंग बाहेर विटकरी निघतो हे आईने मुलीला सांगितलेलं असतं आणि तिच्या आईने तिला. दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवणारी बाई खानदेशात अजून जन्माला यायची होती. युसूफभाईंना हा स्वतःचा अपमान वाटायचा. "ती रंग बघायला नाही उठत बाई, ती मिस्त्रीच्या थोबाडीत मारायला उठते," असं ते म्हणायचे.

गावातले मोठे साडीवाले रतनशेठ मुख्य रस्त्यावर नवं दुकान बांधणार होते. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या जळगावात काढलेले. त्यांच्या घरचे, गोदामाचे सगळे दिवे युसूफभाईंच्या हातचे. नव्या दुकानाची जागा घेतली त्याच दिवशी शेठ म्हणाले होते, "मिस्त्रीजी, दिवे तुम्हीच लावायचे." तेव्हापासून युसूफभाईंच्या डोक्यात एकच वेड. असा उजेड लावायचा की एकाही बाईला पायरीवर जावं लागू नये. त्यांच्या सगळ्या उमेदीची पाटी त्या दुकानावर लागायची होती.

आणि तेव्हाच ते पडले. सोनगीरला तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका कारखान्यावर दिवे लावत होते. शिडी सरकली आणि कमरेचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात अडीच महिने काढून घरी आले ते काखेत कुबडी घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिडीचं नावसुद्धा काढायचं नाही. गाव आठ दिवसांत बोलायला लागलं, मिस्त्री कामातून गेला. गावाला अशा गोष्टींची घाई असते.

रतनशेठ मोसंब्यांची पिशवी घेऊन बघायला आले. माणूस वाईट नव्हता. तासभर बसले, चहा घेतला, "आता नुसता आराम करा" असं चारदा म्हणाले, आणि जाताना उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले की दुकानाच्या दिव्यांचं काम मुंबईच्या माणसांना दिलंय, बांधकाम थांबवता येत नाही. युसूफभाई "बरोबर आहे शेठ" म्हणाले आणि छताकडे बघत राहिले. त्यांच्या त्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती, आणि छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. मी तिथेच होते. मला शेठचा राग आला आणि युसूफभाईंकडे बघवेना.

पण धुळ्याहून येताना त्यांनी एक वस्तू आणली होती. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर शिरपूरच्या पलीकडचे, सातपुड्यातले एक म्हातारे होते, नवसूबाबा. त्यांचाही पाय मोडलेला. त्यांच्या मुलाने हाडावर वाटून लावायला म्हणून जंगलातून एक झाड आणलं होतं. जाड पट्ट्यांसारखी पानं आणि खाली दोऱ्यांसारखी लोंबती मुळं. डॉक्टर रागावले म्हणून ते वाटलं गेलं नाही, खाटेच्या दांडीला नुसतं अडकवून ठेवलं. माती नाही, पाणी नाही. युसूफभाईंना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं, ते त्याच्याकडे बघत पडायचे. पंधराव्या दिवशी त्यांनी पाहिलं, एका मुळाला हिरवं टोक फुटलंय.

"मेलं नव्हतं बाई!" हे सांगताना त्यांचे डोळे पहिल्यासारखे झाले. "सगळे म्हणत होते वाळलं. आणि ते आपलं चालूच होतं."

नवसूबाबांनी ते त्यांना देऊन टाकलं. घरी आणल्यावर त्याचं करायचं काय, हे त्यांनी मला विचारलं, आणि तिथेच घोळ झाला. आम्हा फैजपूरकडच्यांना झाड म्हटलं की केळ दिसते. मी भल्या मोठ्या कुंडीत आमच्या मळ्यातली काळी कसदार माती भरली, घमेलंभर शेणखत घातलं, झाड त्यात खोलवर लावलं आणि हमीदाबींना सांगितलं, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, खाडा करायचा नाही. वर मीच ऐटीत म्हणाले, "आमच्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते." तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. बुडखा बोटाने दाबला तर पचकन पिचकला आणि घाण वास आला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे झाड खाटेच्या दांडीवर उपाशी जगलं, ते मी खाऊ घालून मारलं होतं. युसूफभाई मला एका शब्दाने बोलले नाहीत. "तुम्ही पाहुणचार केलात बाई. त्याला भूकच नव्हती," एवढंच म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत असं मला हमीदाबींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मग मी नवसूबाबांना कार्ड लिहिलं. वाचून दाखवायला त्यांच्या गावी एक मास्तर होता. उत्तर आलं नाही. दीड महिन्याने बाजारच्या दिवशी नवसूबाबाच चौकात उभे! खांद्यावर पोतं, हातात काठी आणि दोन्ही पायांवर चालत आलेले. ते आणि युसूफभाई आधी एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले, मग हसले. बाबांची नजर कोपऱ्यातल्या कुंडीकडे गेली.

"हाई कोणी करं?"

सगळा चौक माझ्याकडे बघायला लागला. चौकात तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आयाही होत्या.

"माय, ते झाडवर ऱ्हास, जमीनमां नई," बाबा म्हणाले. "तेले माटी लागत नई. तेनं मूय हवा खास. तू तं तेले जित्तं गाडी दिन्हं."

मुळांनी हवा खाणारं झाड जिवंत गाडलंस, असं मला उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तेव्हा ते खरं होतं. बाबांनी पोत्यातून तीन झाडं काढली, सालीच्या तुकड्यांना मुळांनी घट्ट धरून बसलेली. "हाई सीतानी येनी शे. फुलनी ते बठ्ठं गाव देखाले येई." सीतेची वेणी. ती फुलली की सगळं गाव बघायला येईल, म्हणे. नाव ऐकूनच हमीदाबींनी हात पुसून एक झाड उचलून घेतलं.

टांगायचं कुठे हा प्रश्न होता. चौकात झाड नाही, शेजारच्यांच्या बकऱ्या काहीही खायच्या, आणि जळगावचं ऊन माणसाला सोसवत नाही तिथे या जंगलातल्या पोरीला काय सोसवणार? शिवाय युसूफभाईंना ती डोळ्यांसमोर हवी होती, आणि त्यांचे डोळे तेव्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत होते. बाबांनी खोलीत डोकावून मान हलवली. "अंधारामां तेले फूल येत नई."

"उजेडाची फिकर करू नका बाबा," युसूफभाई म्हणाले. "ते खातं माझं आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मेव्हणा शकूर, जो त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता, दुकानादुकानांतून काढून टाकलेल्या ट्यूब गोळा करायला लागला. टोकं काळी पडलेल्या, पेटताना दहादा डोळे मिचकावणाऱ्या. त्यातल्या बऱ्या निवडून दोन ट्यूब एका फळीवर बसवल्या. फळी कप्पीवरून दोरीने छताला टांगली आणि दोरीचं टोक युसूफभाईंच्या खाटेला बांधलं. पडल्या पडल्या दोरी ओढली की फळी वर, सोडली की खाली. खापराच्या कुंड्यांत विटांचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या शेंड्या घालून झाडं त्यावर नुसती टेकवली. पाणी शिंपडायला सोनगीरहून पितळी पिचकारी आली. ज्या कारखान्यात ते पडले तिथल्याच एका तांबटाने ती मुद्दाम घडवून पाठवली होती.

सकाळच्या नमाजानंतर दिवे लागायचे आणि रात्रीच्या जेवणाआधी विझायचे. मी एकदा म्हटलं, "रात्रभर ठेवा ना, लवकर वाढेल." म्हणाले, "बाई, झाडालाही झोप लागते. चोवीस तास दिवा लावून ठेवला तर ते झाड नाही राहणार, पोलीस चौकीत रात्रभर जागवलेला चोर होईल." कुंडीचा किस्सा झाल्यापासून माझा सल्ला कुणी ऐकत नव्हतं, हे एक बरं झालं.

उन्हाळ्यात हमीदाबी दाराला ओलं गोणपाट लावायच्या, झाडांखाली पाण्याची परात ठेवायच्या आणि चौकभर सांगायच्या, "माझ्या नवऱ्याने सवत आणली. स्वतः घामाघूम, आणि तिला गारवा!" पण पिचकारी त्या दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

वर्ष गेलं. झाडं जगली, पण फूल नाही. पानं लांबलचक, गडद हिरवी आणि लोळागोळा. येणारा-जाणारा टिंगल करायचा, "मिस्त्री, भाजी तरी करा तिची." तिकडे रतनशेठच्या दुकानाच्या भिंती वर चढत होत्या. युसूफभाई शकूरला रोज विचारायचे, "स्लॅब पडला का? गिलावा झाला का?" आणि उत्तर ऐकून झाडांकडे तोंड फिरवायचे. मला आतून कळत होतं. दुकान पुरं व्हायच्या आत त्यांना स्वतःला दाखवायचं होतं की आपल्या हातचा उजेड अजून मेलेला नाही.

थंडीत एक ट्यूब गेली. शकूर भुसावळला कामावर होता. युसूफभाईंनी तात्पुरता एक साधा पिवळा बल्ब फळीला लटकवला. दोन दिवसांत एका झाडाचं पान भाजलं, आठवडाभरात ते झाडच गेलं. दुसऱ्या कुणी बल्ब काढून फेकला असता. हे मात्र त्या बल्बखाली हाताची पाठ धरून तासभर पडून राहिले. हमीदाबींना वाटलं दुआ मागतायत. ते बघत होते, हात किती खाली नेला की चटका बसत नाही. एक वीत आणि चार बोटं. तिथे त्यांनी भिंतीवर कोळशाची रेघ ओढली आणि उरलेली दोन झाडं त्या रेघेखाली आणली.

दीड महिन्याने मला शाळेतून आल्या आल्या बोलावलं. चप्पलही काढू दिली नाही. नवं पान आलं होतं. आखूड, ताठ, पोपटी.

"कळलं का बाई? ट्यूबचा उजेड म्हणजे नुसती भाकर. पोट भरतं, पण मीठ नाही त्यात. मीठ या बल्बात आहे!" मग स्वतःशीच म्हणाले, "आणि मीठ जास्त झालं की पान भाजतं." तिथून त्यांचा स्वयंपाक सुरू झाला. दोन ट्यूबना एक बल्ब, मग दोन बल्ब, मग एक बल्ब थोडा वर. भिंत कोळशाच्या रेघांनी भरून गेली. खिशातली बडीशेपेची डबी मात्र अजून बंदच होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रतनशेठचं दुकान उघडलं. आखाजीला आमच्याकडच्या लेकी माहेरी येतात, आणि त्यात लग्नसराई, बस्ते बांधायची झुंबड. मुंबईच्या माणसांनी ओळीने चाळीस ट्यूब लावल्या होत्या, आत चांदणं पडल्यासारखं पांढरंफेक. मी बघून आले. युसूफभाई वाटच बघत होते.

"पायरीवर किती बायका जातात?"

"सगळ्या."

"आणि तुम्ही?"

"मी पण," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? "आत मोरपंखी होती, बाहेर नुसती निळी निघाली." दुकानात चपला काढून बसायचं, त्यामुळे बायका अनवाणीच पायरीवर पळायच्या आणि तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत रंग बघायच्या. शेवटी शेठने पायरीवर ओलं पोतं अंथरलं होतं. युसूफभाई हे ऐकून हसले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "मीठ नाही."

जूनच्या सुरुवातीला एका झाडाच्या पानाच्या बेचक्यातून एक टोक बाहेर आलं. मूळ असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. ते वाढलं, वाकलं, आणि त्यावर मुगाएवढ्या गाठी दिसायला लागल्या. युसूफभाईंनी 'फूल' हा शब्द घरात काढायला बंदी घातली, नजर लागेल म्हणून. आम्ही सगळे खुणांनी बोलायला लागलो. मग एका रविवारी सकाळी हमीदाबी चौकाच्या मधोमध येऊन ओरडल्या, "अगं या गं सगळ्या! माझी सवत बाळंत झाली!"

वीतभर लांब, खाली झुकलेला गुलाबी घोस. प्रत्येक फुलाच्या मधोमध थोडा गडद. खोलीभर हलका गोड वास. नवसूबाबांनी सांगितलं तसंच झालं. दुपारपर्यंत गल्ली लोटली. 'भाजी करा' म्हणणारे टाचा उंच करून बघत होते. युसूफभाई खाटेवर ताठ बसून प्रत्येकाला सांगत होते, "हात नाही लावायचा." मी शाळेत कधी एवढ्या ऐटीत बसले नाही.

संध्याकाळी रतनशेठच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या भाभी, आल्या. फूल बघितलं, कौतुक केलं, आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष स्वतःच्या पदरावर गेलं. साडी त्यांच्याच दुकानातली. उठून चौकात गेल्या, मावळतीच्या उन्हात पदर धरला, परत आत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. बाकीच्यांना वाटलं त्यांना गुदमरतंय. युसूफभाईंना मात्र काय चाललंय ते पहिल्या फेरीलाच कळलं होतं.

"मिस्त्रीजी," भाभी म्हणाल्या, "ही साडी दुकानात जांभळी दिसते. बाहेर डाळिंबी आहे. आणि तुमच्या या कोठडीतसुद्धा डाळिंबीच दिसते. हा उजेड आमच्या दुकानात का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही, भाभी."

दुसऱ्या दिवशी रतनशेठ आले. या खेपेला मोसंबी नव्हती. म्हणाले, "कुठे काय लावायचं तेवढं सांगा. आमची माणसं लावतील. तुम्हाला कशाला त्रास?"

"शेठ, तुम्ही साडी सांगून विकता का?"

"दाखवूनच विकतो."

"मग उजेडही सांगून होत नाही. करायचं तर मी करणार."

शेठची नजर कुबडीकडे गेली. "आणि शिडी?"

"शिडीवर शकूर चढेल. डोळे शिडीवर लागत नाहीत, शेठ, खाली गादीवर लागतात. गिऱ्हाईक बसतं तिथे." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. शेठनी एकदा त्या फुलाकडे बघून घेतलं आणि विचारलं, "दिवाळीच्या आत होईल?"

अकरा दिवस युसूफभाई रोज टांग्यातून दुकानात गेले. बाईमाणसाने बसावं तशी गादीवर मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसायचे, समोर साड्या पसरायला लावायचे आणि वर शकूरला सांगायचे, "तो बल्ब चार बोटं खाली. ती ट्यूब काढ, फार फिक्कं झालं." गडी कंटाळले, मुनीम कुरकुरले. शेवटच्या दिवशी भर दुपारी मला शाळेतून बोलावणं आलं. दुकानात शेठ, भाभी, सगळे गडी उभे.

"बाई, तुम्ही कुणाचं ऐकत नाही," युसूफभाई म्हणाले. "म्हणून तुम्हीच बघा."

मी मुद्दाम मोरपंखी मागितली. रंगांत सगळ्यात लबाड रंग तो. गादीवर बसून नीट बघितला आणि पदर घेऊन उठले. पायरीपर्यंत पंधरा पावलं असतील, तेवढ्यात मी मनाशी ठरवलं की खोटं बोलायचं नाही. एकदा मी माया करायला गेले आणि त्यांचं झाड मारलं. आता माया म्हणून खोटं बोलले असते तर या खेपेला माणूस मारला असता. उन्हात पदर धरला. हिरवा किती, निळा किती, डोळ्यांत साठवलं. आत आले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले.

"तोच आहे," मी म्हटलं.

"नीट बघा."

"अहो युसूफभाई, तोच रंग आहे!" आणि मी सगळ्या गड्यांसमोर रडायला लागले. मला तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही. युसूफभाईंनी खिशात हात घातला, डबी काढली, पहिली चिमूट शेठच्या हातावर ठेवली, दुसरी माझ्या.

पुढच्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. आखाजीच्या आदल्या दिवशी जाण्याआधीची एक साडी घ्यायला मी दुकानात गेले. माहेरवाशिणींनी गादी भरून गेली होती. काचेच्या कपाटाशेजारी सीतेची वेणी टांगलेली, नवा घोस उमलायच्या बेतात. त्याखाली खुर्चीवर युसूफभाई, कुबडी भिंतीला टेकवलेली. शेठने त्यांना रोज दुपारी येऊन बसायला सांगितलं होतं, दिव्यांवर लक्ष ठेवायला. मी त्यांना हाक मारणार होते, पण ते भलतीकडेच बघत होते.

धुळ्याकडची एक म्हातारी लेकीला घेऊन आली होती. साडी पसंत पडली आणि रीतीप्रमाणे लेक पदर हातात घेऊन उठली, पायरीकडे निघाली. चार पावलं गेली असेल. म्हातारीने गादीवरूनच पदराचं दुसरं टोक डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट करून बघितलं आणि हाक मारली, "कोठे जास वं? बठ्ठं आठेच दिखी ऱ्हायनं. बस खाले."

सगळं इथेच दिसतंय! मी युसूफभाईंकडे पाहिलं. जन्मभर आधी छताकडे बघणारा तो माणूस त्या मुलीच्या पावलांकडे बघत होता. पावलं थांबली, वळली, आणि ती येऊन आईशेजारी बसली. मग युसूफभाईंनी खिशातून डबी काढली आणि बडीशेप तोंडात टाकली.